गाळ्यावरच्या लॅपटॉपची हकिगत

मार्केट यार्ड, गुलटेकडी,
पुणे ४११०३७
नोव्हेंबर २०२५

चि. बाळ,

परवा फोनवर तू म्हणालास, पैसे पाठवतो, गाळ्यासाठी नवा लॅपटॉप घेऊन टाका. मी नको म्हटलं, तेवढ्यात मालाची गाडी लागली आणि बोलणं अर्धवट राहिलं. मी भिडेखातर नको म्हणते असं तुला वाटलं असेल. तसं नाही रे. तुझा जुना लॅपटॉप आता नीट चालतोय. तो कशाने अडत होता तेही कळलंय, आणि ते तुला सविस्तर सांगावंसं वाटलं.

हा लॅपटॉप दादाने २०१६ साली तुझ्या इंजिनीअरिंगसाठी घेतला. त्याच वर्षी जुलैत सरकारने फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून घ्यायची बंद करून खरेदीदाराकडे लावली. शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या पट्टीचे रकाने बदलले, आणि दादाने छापून आणलेल्या पट्टीबुकांचा गठ्ठा एका रात्रीत वाया गेला. तेव्हा तूच म्हणालास की पट्टी कॉम्प्युटरवर काढू. वजन, भाव, हमाली, तोलाई, मोटारभाडं, रोख उचल, असा नमुना तू सुट्टीत बसून तयार केलास. पुढे तू आइंडहोव्हनला गेलास आणि लॅपटॉप गाळ्यावर राहिला. विंडोज १०, चार जीबी रॅम आणि एक टीबीची फिरती हार्ड डिस्क.

गेल्या वर्षभरात त्याने फार सतावलं. सकाळी बटण दाबलं की चहा आणून पिऊन झाला तरी पडद्यावर गोल फिरतच असायचं. पडदा आला तरी हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडेना. तुला आपला कांदा-बटाटा विभाग माहीत आहे. जुन्नर-आंबेगावकडचा शेतकरी रात्रीच्या टेंपोने माल घेऊन येतो आणि सौदा झाला की त्याला परतायची घाई असते. टेंपोवाला हॉर्न वाजवत असतो, आणि हा माणूस पट्टीसाठी आपल्या गादीपुढे उभा. रात्रभराच्या जागरणाने त्याचे डोळे लाल झालेले असतात. हाताने लिहून दिली तर काम भागतं, पण मग दुपारी तेच आकडे पुन्हा भरायचे, आणि पुन्हा भरताना एखादं वजन इकडचं तिकडे होतं. त्याच्या चार महिन्यांच्या कष्टाचा हिशोब त्या एका कागदावर असतो. तिथे चूक झालेली मला चालत नाही, उशीर झालेलाही नाही.

संध्याकाळी उलटा ताप. 'शट डाउन' केलं की पडदा निळा होऊन तसाच राहायचा. शटर ओढायची वेळ झाली तरी बंद होत नाही म्हणून गाळ्यावरची पोरं पॉवरचं बटण दाबून धरायची. लिहिणं चालू असताना डिस्कची वीज अशी तोडली की डेटा बिघडू शकतो, हे त्यांना कोण सांगणार?

दोन ठिकाणी दाखवला. एकाने न उघडताच सांगितलं, जुना झालाय, नवा घ्या. दुसरा म्हणाला, फॉरमॅट मारतो. दोघांनीही तो चालू व्हायला आणि बंद व्हायला किती वेळ घेतो, हे एकदाही बघितलं नाही. याचंच मला जास्त वाईट वाटलं. डॉक्टरने नाडी न बघता औषध लिहावं तसं ते होतं.

मग आपल्या तोलाईवाल्या काकांचा धाकटा आला. तो तापकीर गल्लीत दुरुस्तीचं काम करतो. शनिवारी बाजार बंद असतो, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी गाळ्यावरच येऊन बसला. पहिलं काम त्याने केलं ते हिशोबाचा सगळा डेटा पेनड्राइव्हवर उतरवून घेण्याचं. तो उघडून, जुन्या पट्ट्या दिसतात का हे मला तपासायला लावलं, आणि मगच पुढे गेला. माझा विश्वास तिथेच बसला.

नंतर मोबाइलवर स्टॉपवॉच लावून त्याने लॅपटॉप बंद केला, चालू केला आणि दोन्ही वेळा लिहून ठेवल्या. टास्क मॅनेजर उघडून मला दाखवलं: प्रोसेसर जवळजवळ रिकामा, आणि डिस्कपुढे १०० टक्के. "आत्या, मेंदू मोकळा बसलाय, अडलंय ते डिस्कवर," म्हणाला. सुरू होताना आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी निघाली. कधीच्या काढून टाकलेल्या प्रिंटरचा एक, व्हिडिओ कॉलचा एक, आणि एकाच वेळी चालणारे दोन अँटीव्हायरस. प्रत्येक फाइल उघडताना दोघंही ती तपासणार. एक ठेवला, बाकी बंद केले. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही.

डिस्कचं गणित त्याने मला कागदावर मांडून दाखवलं. तुला ते माहीत असेल, मला नवीन होतं. आपली डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद. शिवाय ते टोक योग्य पट्ट्यावर न्यायला दहा-बारा मिलिसेकंद. म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे वाचायचे तर सेकंदाला साठाच्या आसपासच. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे वाचतं. त्यात डिस्क थकलेली: तिच्या स्वतःच्या तपासणीच्या नोंदीत खराब होऊन बदललेल्या जागांचा आकडा चढलेला होता. तशी जागा आली की ती पुन्हा पुन्हा वाचून बघते आणि सगळं खोळंबतं.

इथवर सकाळचं उत्तर मिळालं. संध्याकाळचं मात्र मिळत नव्हतं, आणि त्याने ते ज्या चिकाटीने शोधलं त्याचं मला फार कौतुक वाटतं. चालू-बंद व्हायला लागलेल्या वेळेच्या नोंदी विंडोज स्वतः ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स' म्हणून भाग आहे. चालू होण्याची नोंद १०० क्रमांकाखाली, बंद होण्याची २०० खाली, वेळ मिलिसेकंदांत. त्या नोंदींप्रमाणे आपले प्रोग्रॅम झटपट बंद होत होते. कोणीही अडून बसलेलं नव्हतं. आणि स्टॉपवॉच तर कितीतरी जास्त दाखवत होतं. म्हणजे वेळ जात होता तो सगळं आवरून झाल्यावर, अगदी शेवटच्या टप्प्यात.

मग तो रजिस्ट्रीत शिरला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "सापडलं." रॅम कमी पडली की विंडोज तिच्यातला काही मजकूर डिस्कवरच्या एका फाइलीत ठेवतं. तिला पेजफाइल म्हणतात. बंद होताना ही फाइल शून्यांनी पुसून टाकायची अशी एक सोय आहे, आणि एरवी ती बंद असते. आपल्याकडे ती कुणीतरी चालू करून ठेवलेली. पेजफाइल आठ जीबीची. चांगली डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी लिहिते, म्हणजे तिलाही ८० सेकंद लागले असते. आपल्या थकलेल्या डिस्कला कितीतरी जास्त. रोज संध्याकाळी तो बिचारा आठ जीबी शून्यं लिहीत बसायचा, आणि पोरं मध्येच त्याचा गळा दाबायची!

ती सोय वाईट नाही हेही त्याने समजावलं. त्या फाइलीत पासवर्ड, खासगी मजकूर राहून जाऊ शकतो. जिथे अनेकांचे हात लागतात आणि माहिती गुपित ठेवायची असते तिथे ती कामाची. आपला लॅपटॉप रोज रात्री दादाबरोबर घरी जातो. दादाला विचारून त्याने ती बंद केली, आणि त्याच रात्री, जुनीच डिस्क असताना, लॅपटॉप मुकाट्याने लवकर बंद झाला. एक पैसा खर्च न होता.

डिस्क मात्र बदलावीच लागली. तिच्या जागी अडीच इंची एसएसडी बसवली, दोन हजारांच्या आतबाहेर खर्च आला. तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे जागा शोधण्यात वेळ जातच नाही. रात्रभर जुनीवरून नवीवर नक्कल चालू होती. खराब जागा आल्या की अडायची, पुन्हा पुढे सरकायची. मागचं झाकण उघडल्यावर पंख्याच्या जाळीत काय निघालं असेल? कांद्याचा पाचोळा! बारीक, लालसर, दाबून बसलेला. हवा जायला वाटच नव्हती. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, म्हणून दुपारी जास्त रखडायचा. ब्रशने सगळं काढलं, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलली. आता लॅपटॉप गादीवर जमिनीलगत न ठेवता उंच फळीवर ठेवतो.

आता दिवा लावून, उदबत्ती ओवाळून मी खुर्चीत बसेपर्यंत पट्टीचा नमुना पडद्यावर आलेला असतो. गेल्या आठवड्यात मंचरकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पट्टी हातात घेऊन विचारलं, "झालं पण?" आणि लगेच टेंपोकडे गेला.

एक गोष्ट राहिली आहे, आणि त्यात तुझं मत हवंय. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबरला संपला. आपला प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. वाढीव सुरक्षेसाठी नोंदणी करून घेतली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालेल. पुढे त्याला इंटरनेटपासून तोडून फक्त पट्टीसाठी ठेवावा, असं तो मुलगा म्हणतो. जीएसटी आणि बँकेचं काम दादाच्या फोनवर आणि आपल्या सीएंकडे होतंच. मला ते पटतं. तुझ्या कामातली माणसं काय करतात ते विचारून कळव. एसएसडी आवाज न करता अचानक जाऊ शकते म्हणून रोज पट्ट्या संपल्या की पेनड्राइव्हवर प्रत काढते. दोन पेनड्राइव्ह, आलटून-पालटून एकेक दिवस.

जुनी डिस्क फेकलेली नाही, कपाटात आहे. तुझ्या कॉलेजच्या फोल्डरातले काही फोटो तिच्यावरून वाचता आले नाहीत. बाकीचे सगळे वेगळ्या डिस्कवर काढून ठेवलेत. वाचता न आलेल्यांची यादी तुझ्या आईकडून तुला पाठवते. त्यातलं तुझ्याकडे काय आहे आणि काय नाही ते बघ. जे तुला हवंच असेल तेवढ्यासाठी तो मुलगा आणखी एकदा प्रयत्न करतो म्हणालाय, पण डिस्क फार वेळ चालवायची नाही, म्हणून नेमकी नावं कळव.

तिकडे थंडी सुरू झाली असेल, कानटोपी घालत जा. पैसे पाठवू नकोस.

तुझी,
आत्या