दोन ठशांचं नाणं

भगूर-देवळालीजवळून वाहणारी आमची दारणा जोगलटेंभीपाशी गोदावरीला मिळते. त्या गावात 1906 साली चांदीच्या नाण्यांचं घबाड सापडलं, 13,000 हून अधिक नाणी. मूळची सगळी क्षहरात राजा नहपानाची. पण त्यांतल्या निम्म्याहून कितीतरी जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा मारून घेतलेला.

असं पुनर्टंकित नाणं वाचायला भिंगाआधी दिवा लागतो. तोही डोक्यावरचा नको. बाजूने, जवळजवळ टेबलाला टेकवलेला. नाणं कडेला धरून सावकाश फिरवायचं. आधी सातकर्णीचा तीन कमानींचा डोंगर दिसतो, त्याखालची नागमोडी रेघ दिसते. अजून जरा फिरवलं की डोंगराआडून नहपानाचं नाक वर येतं, कधी ग्रीक अक्षरांचा तुकडा. रेखाटन करताना मी दोन ठशांना दोन रंगांच्या शाया वापरते. एका फोटोत एकच उजेड पकडला जातो, म्हणून मी अजून हातानंच काढते.

पांडवलेण्यांतल्या 3 क्रमांकाच्या लेण्यात सातकर्णीच्या आईने, गौतमी बलश्रीने, लेकाची कीर्ती कोरवून घेतली आहे: त्याने क्षहरातांचा वंश समूळ नाहीसा केला. आईच बोलते आहे म्हटल्यावर वाद कशाला घाला! पण त्याच डोंगरात 10 क्रमांकाचं लेणं नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं, त्याच्या दानलेखांसकट उभं आहे. नाणीसुद्धा वितळवली नाहीत. चांदी चोख होती, ठसा मारला की काम भागत होतं. राजवटी बहुधा अशाच बदलतात, हे मला प्रशस्तीपेक्षा नाण्याने जास्त पटवलं.

देवळाली कॅम्प म्हणजे तोफखान्याचं गाव. इथल्या एखाद्या जुन्या घरात तोफगोळ्याचं रिकामं पितळी टरफल फुलदाणी होऊन बसलेलं असतं. अंगावर कुणीतरी ठोकून काढलेली वेलबुट्टी, बुडाशी कारखान्याची खूण आणि साल. हेही माझ्या लेखी दोन ठशांचंच काम. बुडाचं साल कागदोपत्री पडताळता येतं. वेलबुट्टी कुणाच्या हातची, हे फक्त घरातल्या आजींना ठाऊक. आणि नेमकी तीच फुलदाणी दर दिवाळीला चिंच लावून घासली जाते. बुडाची अक्षरं दरवर्षी थोडी पुसट होतात.

तेव्हा घरात असं काही असेल, तर ते घासू नका. वस्तू कुणाची, कुठून आली, कुणी घडवली, हे आजींना आजच विचारा आणि चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. चिठ्ठी वस्तूला चिकटवू मात्र नका.