सूचनापेटी

पंक्तीत बसून आमटीला मीठ कमी झाले आहे असे मोठ्याने सांगणारा मनुष्य आपल्याकडे असभ्य समजला जातो, आणि तीच गोष्ट यजमानिणीला एकीकडे गाठून हळूच सांगणारा सभ्य. आम्हांस विचाराल तर या दोघांत फारसे अंतर नाही. त्या घरचे जेवण चांगले व्हावे, आणि पुन्हा पानावर बसण्याचा योग आलाच तर ते तसे मिळावे, ही इच्छा दोघांच्याही मनात असते. खरा तिऱ्हाईत निराळाच. तो अळणी आमटी निमूटपणे संपवितो, ‘बेत उत्तम झाला’ म्हणतो, विडा खातो आणि पुन्हा त्या घरची पायरी चढत नाही.

हा विचार आम्हांस सुचला तो मात्र पंक्तीत नव्हे, संगणकापुढे. आमचा विषय गणित. सारा जन्म फळा आणि खडू यांवर काढला; पण अभ्यासक्रम बदलला आणि पन्नाशी उलटल्यावर आम्हांस पायथॉन नावाच्या संगणकभाषेची मुळाक्षरे गिरवावी लागली. सकाळी वर्गात जे शिकवावयाचे ते आदल्या रात्री आपण शिकावयाचे, असा तो काळ होता. रात्री अकराच्या सुमारास प्रोग्रॅम अडला म्हणजे विचारावे तरी कोणास? चिरंजीव झोपलेले, विद्यार्थ्यांना विचारणे लाजेचे. अशा वेळी जगातील लक्षावधी प्रोग्रॅमरांप्रमाणे आम्हीही स्टॅक ओव्हरफ्लोच्या दारी जात असू.

ज्या वाचकांचा या संकेतस्थळाशी परिचय नसेल त्यांच्यासाठी चार शब्द सांगणे अवश्य आहे. जेफ अ‍ॅटवूड आणि जोएल स्पोल्स्की या दोघांनी ते २००८ च्या सप्टेंबरात सुरू केले. कोणीही आपला अडलेला प्रश्न मांडावा, कोणाही जाणत्याने उत्तर द्यावे आणि वाचणाऱ्यांनी मते देऊन चांगले उत्तर वर चढवावे, असा तेथील क्रम. उत्तर देणाऱ्यास एक पै मिळत नाही. मिळतात ते गुण, आणि गुणांबरोबर थोडेथोडे अधिकार. नावाचीही एक मौज आहे. संगणकाच्या स्मृतीत अर्धवट राहिलेल्या कामांची एक उतरंड रचलेली असते. सर्वांत वरचे गाडगे आधी उतरवावयाचे, असा तिचा नियम. एखादे काम स्वतःलाच पुन्हा पुन्हा हाक मारीत बसले म्हणजे गाडग्यावर गाडगे चढत जाते, जागा संपते आणि सारा प्रोग्रॅम कोसळतो. या अपघाताचे जे इंग्रजी नाव, तेच या स्थळाचे नाव. आणि ते अ‍ॅटवूड यांच्या वाचकांनी मते देऊन निवडले. म्हणजे बारसेच मुळी दहा जणांच्या विचाराने झाले.

प्रश्नोत्तरे ही त्या घराची ओसरी. आम्ही पुष्कळ दिवस ओसरीवरूनच परत फिरत होतो. पुढे एकदा चुकून माजघरात पाऊल पडले, आणि मग पायथॉन बाजूस राहून आमच्या रात्री तेथेच जाऊ लागल्या. या माजघराला ‘मेटा’ म्हणतात. ते २००९ मध्ये उघडले. तेथे चर्चा घर कसे चालावे याची. कोणी म्हणतो, अमुक बटन तमुक ठिकाणी हवे. कोणी म्हणतो, हा नियम अन्यायाचा आहे. सूचना सर्वांदेखत पडलेली असते, तिच्या बाजूने व विरुद्ध लोक मते देतात, आणि कालांतराने कारभारी मंडळी तिच्या गळ्यात एक चिठ्ठी बांधतात. चिठ्ठ्यांचे प्रकार ठरलेले: ‘झाले’, ‘करण्याचा विचार आहे’, ‘मुद्दामच तसे ठेवले आहे’ आणि ‘नाकारले’.

यांपैकी तिसऱ्या चिठ्ठीची आम्हांस प्रथम फार गंमत वाटली. जिन्याची पायरी मोडली आहे म्हणून भाडेकरूने सांगावे आणि मालकाने ‘मुद्दामच मोडकी ठेवली आहे’ असे उत्तर द्यावे, त्यातलाच हा प्रकार! परंतु चिठ्ठीखाली कारण लिहिलेले असे, कारणावर पुन्हा वाद होई, आणि कित्येकदा ते कारण वाचून आमच्यासारख्या तिऱ्हाईतालाही पायरी मोडकीच बरी असे वाटू लागे. नाकारलेल्या सूचनाही फाडून टाकीत नसत. नकारासह त्या तेथेच, वर्षानुवर्षे, कोणीही वाचाव्यात अशा राहत. आमच्या महाविद्यालयातही एक सूचनापेटी आहे. तिची आठवण होऊन आम्ही अशा वेळी मनात थोडे खजील होत असू. ती हकीकत पुढे येईलच.

माजघरातील एक जुना वाद आमच्या विशेष जिव्हाळ्याचा. प्रश्नाच्या आरंभी नमस्कार व शेवटी आभार लिहावेत की नाहीत? तेथील निकाल स्पष्ट आहे: लिहू नयेत. प्रश्न हा पुढे येणाऱ्या हजारो वाचकांसाठी आहे, त्यांना आपल्या नमस्काराचा उपयोग नाही, असे कारण. आरंभीचा ‘हॅलो’ यंत्रानेच परस्पर गाळून टाकावा अशीही योजना केलेली होती. आता आपल्याकडच्या मुलाचा विचार करावा. त्याचे आजोबा ‘सा. न. वि. वि.’ लिहिल्याखेरीज पोस्टकार्डावर शाई सांडीत नसत. तो स्वतः शाळेत अर्ज लिहावयास शिकला तो ‘माननीय महोदय’ येथपासून ‘आपला आज्ञाधारक’ येथपर्यंत. असा मुलगा तालुक्याच्या गावी बसून, शब्दकोश उशाशी घेऊन, इंग्रजीत ‘रिस्पेक्टेड सर’ असा आरंभ करतो. आणि तासाभराने पाहतो तो त्याचा ‘रिस्पेक्टेड सर’ कोणी परक्याने खोडलेला, शेवटचे आभार पुसलेले, मध्ये नुसता उघडाबोडका प्रश्न. त्याला वाटते आपण काही अपराध केला. वस्तुतः कोणी त्याचा अपमान केलेला नसतो. कोणी तरी फुकटचे श्रम घेऊन त्याचे वाक्य झाडून पुसून ठेवलेले असते. दोघेही आपापल्या परीने सौजन्यानेच वागतात, आणि एकाचे सौजन्य दुसऱ्याला लागते. नियम बरोबर आहे असे आमचे मत आहे. तरी तो मुलगा आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

दुसरा वाद विरुद्ध मताचा. प्रश्न किंवा उत्तर पसंत न पडल्यास वाचक ते खाली ओढणारे मत देऊ शकतो. देणाऱ्याचे नाव कोणास कळत नाही, कारण सांगण्याचेही बंधन नाही. ‘विरुद्ध मत देणाऱ्याने कारण लिहिलेच पाहिजे’ ही सूचना माजघरात इतक्या वेळा आली आहे की तिला तेथील आरतीच म्हणावे. आणि प्रत्येक वेळी ती नाकारली गेली. सक्ती केली तर लोक कशीबशी चार अक्षरे खरडतील; खरे कारण लिहिले तर नाव उघडे पडून भांडण जुंपेल; सूड म्हणून उलट मते पडतील; शेवटी विरुद्ध मतच कोणी देणार नाही आणि कचरा वर चढेल, असे त्यांचे म्हणणे. आम्ही प्रथम वाचले तेव्हा हा शुद्ध जुलूम वाटला. मग आठवले की तीस वर्षे आम्ही उत्तरपत्रिकांवर तांबड्या पेन्सिलीने ‘१० पैकी २’ एवढेच लिहीत आलो आहोत. कारण लिहीत बसलो असतो तर दिवाळीचे गठ्ठे होळीपर्यंत पुरले असते. हे कारण आम्हांस तेव्हा पुरेसे वाटे; पण ज्याला दोन गुण मिळाले त्याला ते कधी वाटले असेल असे नाही.

इतर वादांत फार शिरत नाही. नव्या माणसाला उत्तर लिहिण्याची मुभा आहे, पण दुसऱ्याच्या लेखनाखाली साधी शंका लिहावयाची तर पदरी ५० गुण हवेत, यावर किती शाई आटली! चांगल्या प्रश्नाला मिळणारे १० गुण २०१० मध्ये ५ झाले आणि २०१९ च्या नोव्हेंबरात पुन्हा १० झाले. आपल्या नगरपालिकाही एवढा वेळ घेत नाहीत. पोर्तुगीज, रशियन, जपानी आणि स्पॅनिश या भाषांची निराळी घरे निघाली. भारतीय भाषांपैकी एकीचेही नाही. यात आम्ही त्यांस दोष देत नाही. जेवणाऱ्यांनी पान मांडल्याखेरीज वाढणारा वाढणार कोठे?

सूचनेचे मोल पैशांत करणारा एकच गृहस्थ आम्हांस ठाऊक आहे: थोर संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ. त्यांच्या पुस्तकातील चूक प्रथम दाखविणाऱ्यास ते २ डॉलर ५६ सेंटांचा धनादेश पाठवीत, कारण २५६ सेंट म्हणजे सोळाच्या पायावरील मोजणीचा एक डॉलर! लोक तो वटवीत नसत, काचेत मढवून भिंतीला लावीत. २००८ पासून खरे धनादेश बंद करून ते एका काल्पनिक बँकेची ठेवपावती देऊ लागले, तरी मान कमी झाला नाही. उपयुक्त सूचनेचा दर मात्र ३२ सेंट. चुकीच्या एक अष्टमांश! गणिती मनुष्याने केलेला हा भाव आम्हांस यथायोग्य वाटतो. चूक दाखविणाऱ्याने शोधावे लागते. सूचना करणाऱ्याने नुसते इच्छावे लागते.

स्टॅक ओव्हरफ्लोचे पुढे काय झाले ते सांगताना मात्र आमची लेखणी जड होते. २०२१ मध्ये प्रोसस या कंपनीने ते १८० कोटी डॉलरांस विकत घेतले. उत्तरे फुकट, घराची किंमत एवढी, हा विचार कित्येकांच्या मनात तेव्हाच डोकावला असावा. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले. त्याने लिहिलेली गोड पण बेभरवशाची उत्तरे तेथे येऊ लागली तेव्हा काही दिवसांतच त्यांना बंदी झाली. परंतु पुढल्या वर्षी ही उत्तरे ओळखून काढून टाकण्याचा स्वयंसेवकांचा अधिकार कंपनीने आखडला, आणि जून २०२३ मध्ये कित्येक नियंत्रकांनी चक्क संप केला. बिनपगारी माणसांचा संप! ऑगस्टमध्ये तडजोड झाली. मे २०२४ मध्ये ओपनएआयशी करार झाला, तेव्हा काही जुन्या जाणत्यांनी निषेध म्हणून आपलीच उत्तरे पुसण्यास आरंभ केला, आणि त्यांना तसे करण्यापासून रोखण्यात आले. कंपनीलाही पोट आहे, हे आम्ही जाणतो. परंतु माजघरातील माणसांना नकाराचा राग कधी आला नव्हता. नकार तर ते पंधरा वर्षे पचवीत आले होते. राग आला तो विचारण्याआधीच सारे ठरून गेले याचा.

आता तेथे नव्या प्रश्नांची आवक २०२२ च्या मानाने फार उतरली आहे. आमचे विद्यार्थी यंत्राला विचारतात. यंत्र ‘हा प्रश्न पूर्वीच विचारला गेला आहे’ असे म्हणत नाही, नमस्कार खोडीत नाही, उलट ‘फार छान प्रश्न’ म्हणून पाठ थोपटते. उत्तर आवडले नाही तर खाली एक उलटा अंगठा असतो, तो दाबावा. दाबल्यावर काय होते? दाबणाऱ्यास ते कधी कळत नाही. कोणी ‘नाकारले’ म्हणत नाही, कोणी ‘मुद्दामच तसे ठेवले आहे’ म्हणत नाही.

आणि येथे आम्हांस आमच्या पेटीकडे यावे लागते. ती आमच्या ग्रंथालयाच्या दारालगत आहे. सागवानी, वर फट, पुढे कुलूप. ग्रंथालय समितीचे अध्यक्षपद आमच्याकडे आले त्या दिवशी तिची किल्ली आमच्या खणात पडली, आणि सात वर्षे तेथेच राहिली. गेल्या उन्हाळ्यात भिंतींना रंग द्यावयाचा म्हणून शिपायाने पेटी उतरवून आमच्या टेबलावर आणून ठेवली. ‘सर, आत काही तरी वाजतंय,’ तो म्हणाला.

आत एकोणीस चिठ्ठ्या निघाल्या. काही थट्टेच्या, एक प्रेमपत्र (चुकून टाकलेले की मुद्दाम, देव जाणे), दोन पंख्याविषयी. चार मात्र एकाच हातच्या होत्या. अक्षर बारीक, किरटे. पहिली पानभर होती. गावाहून येणारी पहिली एस.टी. पावणेसातला पोचते, अभ्यासिका दहाला उघडते, तोवर पायरीवर बसावे लागते. तरी कृपा करून अभ्यासिका सातला उघडण्याची व्यवस्था व्हावी. खाली ‘आपला आज्ञाधारक’ आणि वर्ग. दुसरी अर्धे पान. तिसरीत पावसाळ्यामुळे पायरीवरही बसता येत नाही, एवढेच. चौथीवर नमस्कार नव्हता, सहीही नव्हती. एकच ओळ होती: ‘शक्य नसेल तर शक्य नाही असे तरी लिहून लावावे.’

तारखा पाहिल्या. पाच वर्षांपूर्वीच्या. त्या वर्षीच्या हजेरीपत्रकावरून मुलगा शोधून काढणे कठीण नव्हते, शोधला. दुसऱ्या वर्षी त्याने परीक्षेचा अर्ज भरलेला नाही. का, ते आता कोण सांगणार? अभ्यासिकेचे कुलूप हेच कारण झाले असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे स्वतःला उगाच मोठे करणे होय. पण किल्ली आमच्या खणात होती.

जूनपासून अभ्यासिका सातला उघडते. पेटी पुन्हा भिंतीला लागली आहे, आणि शेजारी एक फळा लावला आहे. दर सोमवारी आम्ही पेटी उघडतो आणि प्रत्येक सूचनेपुढे खडूने ‘झाले’, ‘पाहू’ किंवा ‘नाही’ असे लिहितो. गेल्या सोमवारी कोणी तरी अभ्यासिकेत चहा आणण्याची परवानगी मागितली होती. आम्ही ‘नाही’ लिहिले. मंगळवारी सकाळी पाहतो तो आमच्या अक्षराखाली दुसऱ्या कोणाच्या हातचे दोनच अक्षरांचे लिखाण होते: ‘का हो?’

येत्या सोमवारी त्याचे उत्तर लिहावयाचे आहे. दोन दिवस विचार करतो आहोत. पुस्तकांवर चहा सांडतो यापलीकडे अद्याप काही सुचलेले नाही, आणि खुद्द आमच्या टेबलावर तर रोज अकराला कप येतो.