ताप उतरला, आता गोळ्या कशाला?

पावसाळ्यात हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. मलेरियाचा रिपोर्ट आला की दोन दिवस सगळं घर धावपळ करतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंग गार लागतं, भूक लागते आणि उरलेल्या गोळ्या देवघराशेजारच्या डब्यात जाऊन पडतात. मंडळी, तो ताप म्हणजे त्या जंतूच्या आपल्या शरीरातल्या मुक्कामाचा एक छोटासा भाग असतो. बाकीचा मुक्काम आपल्याला कळतही नाही. आज त्याबद्दलच लिहितोय.

अ‍ॅनोफिलिसची मादी चावली की तिच्या लाळेतून मलेरियाचे परजीवी आत येतात. फार नाहीत, साधारण काही डझन. ते रक्तातून थेट यकृत, म्हणजे लिव्हर गाठतात आणि एकेकटा एकेका पेशीत घुसतो. तिथे साधारण आठवडाभर त्यांची वाढ चालते. या काळात ताप नाही, अंगदुखी नाही, रक्त तपासलं तरी रिपोर्ट निगेटिव्ह. आपण कामावर जातोय, वडापाव खातोय. आणि आत एकाचे हजारो होतात.

मग ती पेशी फुटते आणि सगळी फौज रक्तात उतरते. आता प्रत्येक परजीवी एक तांबडी पेशी धरतो, आतलं हिमोग्लोबिन खातो, वाढतो आणि साधारण ४८ तासांनी पेशी फोडून बाहेर पडतो. एकाचे दहा-वीस होतात, ते पुढच्या पेशी धरतात. पेशी एकाच वेळी फुटू लागल्या की हुडहुडी भरते, मग ताप, मग घाम. म्हणून जुनी माणसं 'दिवसाआड येणारा ताप' म्हणायची. पण सुरुवातीला ताप रोजही येतो, त्यामुळे 'दिवसाआड नाही, म्हणजे मलेरिया नाही' असं घरीच ठरवू नका.

फॅल्सिपेरम जातीचा मलेरिया असेल, जो गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात जास्त दिसतो, तर लागण झालेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांना चिकटतात. मेंदूत असं झालं तर माणूस एक-दोन दिवसांत हाताबाहेर जातो. म्हणून ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं.

व्हायवॅक्सचा डाव वेगळा. त्याचे काही परजीवी यकृतात वाढतच नाहीत, झोपून राहतात. क्लोरोक्वीन रक्तातले मारतं, ताप जातो. झोपलेल्यांना ते काहीच करत नाही. काही आठवड्यांनी, कधी सहा-आठ महिन्यांनीही ते जागे होतात. नवा डास न चावता पुन्हा ताप. या झोपलेल्यांसाठीच प्रायमाक्वीनच्या १४ दिवसांच्या गोळ्या असतात.

आमच्या शेजारच्या प्लॉटवर टॉवरचं काम चालू आहे. तिथल्या एका सेंटरिंगवाल्याला जुलैत व्हायवॅक्स झाला होता, ऑक्टोबरात पुन्हा तोच रिपोर्ट. टपरीवर मला म्हणाला, "साहेब, इथले डासच बेकार." डास आहेतच. पण गोळ्या किती दिवस घेतल्या, विचारलं तर म्हणाला, पाच. रिकाम्या पोटी घेतली की पोटात ढवळायचं, आणि काम बुडलं की खाडा. मधेच मुकादमाने दुसऱ्या साइटवर पाठवलं. मग गोळी घेतली का, हे विचारणार कोण?

त्याला हे माहीत नव्हतं म्हणून हसू नका. लावेराननी १८८० मध्ये हा जंतू रक्तात पाहिला. रोनाल्ड रॉसनी १८९७ मध्ये सिकंदराबादला तो डासाच्या पोटात शोधला. पण माणसाच्या शरीरात पहिले काही दिवस तो कुठे दडतो, हे शॉर्ट आणि गार्नहम यांनी दाखवलं १९४८ मध्ये! मोठमोठ्या डॉक्टरांना पन्नास वर्षं जे सापडलं नाही, ते एका चिठ्ठीवर '१४ दिवस' लिहून कामगाराला कसं कळणार?

आणि हा फक्त त्याचा प्रश्न नाही. रक्तातले काही परजीवी नर आणि मादी रूपात बदलतात. ते आपल्याला त्रास देत नाहीत, डासाची वाट बघतात. व्हायवॅक्समध्ये हे रूप लवकर, कधी उपचार सुरू व्हायच्या आधीच तयार असतं. म्हणजे उलटलेला प्रत्येक मलेरिया आजूबाजूच्या डासांना नवा माल पुरवतो. मग पाळी आपल्या टॉवरची, आपल्या नातवंडांची.

त्यामुळे फवारणीचे फोटो टाकणाऱ्या नगरसेवकांना माझी विनंती: औषधाचा धूर सोडा, पण गोळ्यांचा हिशेबही ठेवा. प्रत्येक साइटवर रुग्णांची वही हवी. मुकादमाने जेवणानंतर समोर गोळी द्यावी. कामगार दुसरीकडे गेला तर त्याचा नंबर तिथल्या आरोग्य केंद्राला कळावा. प्रायमाक्वीन मात्र डॉक्टरांना विचारूनच. गरोदर बायकांना आणि तान्ह्या बाळांना ती देत नाहीत, आणि जी-सिक्स-पीडी एन्झाइम कमी असलेल्यांना त्रास होऊ शकतो, त्याची तपासणी करून घ्यावी.

आपल्याला करता येण्यासारखं एक सोपं काम आहे. टाकीचं झाकण तर लावाच. शिवाय ओळखीत कुणाला व्हायवॅक्स झाला असेल, तर बरोबर दहाव्या दिवशी फोन करा आणि एवढंच विचारा: "आजची गोळी घेतली का?"