अण्णांचा हात

"मामा, आजोबांना कंपवात होता का?"

भाचीने हा प्रश्न इतक्या सहजपणे विचारला की, मी क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. मे महिन्यात ती चार दिवस आमच्याकडे राहायला आली होती, आणि तिच्या आईच्या, म्हणजे आमच्या अक्काच्या, लग्नाची फिल्म मी तिला मोठ्या कौतुकाने संगणकावर दाखवीत होतो. लग्न १९८८ सालचे. अण्णा १९९३ साली गेले आणि ही १९९४ साली जन्मली. तिचे आजोबा म्हणजे भिंतीवरची तसबीर : काळी टोपी, जाड चष्मा आणि घट्ट मिटलेले ओठ. हिंडतेफिरते आजोबा ती आयुष्यात प्रथमच पाहत होती. आणि लाडवांचे ताट घेऊन पंगतीतून जाणारे ते आजोबा खरोखरच थरथर कापत होते!

अण्णा शाळेत चित्रकला शिकवीत. फळ्यावर एका दमात, हात न उचलता, ते असे वर्तुळ काढीत की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा गप्प होत. मरेपर्यंत त्यांचा हात कधी कापला नाही. त्या हाताला आता कंप सुटला होता, आणि तो दुसऱ्या कोणी नव्हे, मीच आणला होता.

त्याचे असे झाले. लग्नाची मूळ फीत व्हीएचएसची. तिला बुरशी धरण्याआधी २००६ साली आम्ही ती डीव्हीडीवर उतरवून घेतली. पुढे घरात डीव्हीडी लावायचे यंत्र उरले नाही, तेव्हा एका दुकानदाराकडून तिच्यावरून संगणकासाठी एक आटोपशीर प्रत करून घेतली. ती पाहताना एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. मांडवाचे खांब स्वच्छ दिसत, खुर्च्यांवर रेललेले पाहुणे स्वच्छ दिसत, विहिणीच्या शालूचे काठ स्वच्छ दिसत. पण जो कोणी हलला, त्याच्या अंगाच्या कडांना फणीसारखे आडवे दाते फुटत. बसलेला माणूस धड आणि चालणारा माणूस फाटका! आता मुलीचा बाप लग्नात बसतो कुठे? तीन तासांच्या त्या फिल्ममध्ये अण्णा एकदाही टेकलेले नाहीत. साहजिकच साऱ्या मांडवात सर्वांत फाटके दिसत होते ते अण्णाच.

हे दाते येतात कुठून, याचा मी शोध घेऊ लागलो, आणि एक जुनी, मोठी शहाणपणाची युक्ती मला कळली. काचेच्या नळीचे जे दूरदर्शन-संच आपल्या घरी असत, त्यांवर सबंध चित्र एकदम उमटत नसे. पंगतीत वाढपी घाईत असला म्हणजे एकाआड एक पानावर भात वाढीत जातो आणि दुसऱ्या फेरीला राहिलेली पाने भरून काढतो, तसेच ते असे. आधी पहिली, तिसरी, पाचवी अशा ओळी. मग दुसरी, चौथी, सहावी. आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे. पण प्रत्येक चित्र दोन फेऱ्यांत वाढलेले, म्हणजे अर्धचित्रे ५०. पडदा सेकंदाला २५ वेळाच उजळला असता तर डोळ्यांपुढे लुकलुक झाली असती. आणि ५० पूर्ण चित्रे पाठवायची तर प्रक्षेपणाला दुप्पट जागा लागली असती. म्हणून हा मधला मार्ग. इंग्रजीत त्याला इंटरलेसिंग म्हणतात. डीव्हीडी आली तेव्हा तिनेही तो निमूटपणे पत्करला : चित्राच्या ५७६ ओळी, त्यांतल्या २८८ एका क्षणाच्या आणि २८८ पुढच्या क्षणाच्या.

दोन क्षणांत अंतर एक-पन्नासांश सेकंदाचे. जुन्या संचावर ते क्षण एकामागून एक येत, त्यामुळे काही बिघडत नसे. संगणकाचा सपाट पडदा मात्र साऱ्या ओळी एकदम मांडतो. तेवढ्या वेळात खांब जागचा हललेला नसतो; अण्णांचा हात चार बोटे पुढे गेलेला असतो. ओळीआड ओळ हात इथे आणि हात तिथे, हेच ते फणीचे दाते!

म्हणजे चित्रात दोष असा नव्हताच. दोन खरे क्षण एका चौकटीत कोंबले गेले होते, इतकेच.

त्यांना सोडविण्याच्या कामाला डीइंटरलेसिंग म्हणतात. ते करण्याचे मार्ग मी एकेक करून पाहिले. एका मार्गात दोन्ही अर्धचित्रे एकमेकांत पुसून टाकतात. दाते गेले, पण अण्णांच्या जागी दोन फिकट अण्णा दिसू लागले, जणू त्यांचे भूतच पाठोपाठ चालले आहे. दुसऱ्या मार्गात एक अर्धचित्र सरळ फेकून देतात. चित्र नितळ झाले. पण मांडवाच्या तिरप्या दोऱ्यांना पायऱ्या पडल्या, आणि मुख्य म्हणजे अण्णांच्या चालण्यातले निम्मे क्षण केराच्या टोपलीत गेले. आधीच त्यांचे किती क्षण आपल्यापाशी उरले आहेत, की त्यांतले निम्मे मी आपल्या हाताने टाकावे?

तिसरा मार्ग मला पटला. प्रत्येक अर्धचित्राचे स्वतंत्र पूर्ण चित्र करायचे. सेकंदाला २५ ऐवजी ५० चित्रे होतात आणि एकही क्षण वाया जात नाही. गहाळ ओळी मात्र अंदाजाने भराव्या लागतात : वरची-खालची ओळ पाहून, आधीचे-नंतरचे चित्र पाहून. एफएफएमपेग नावाच्या, फुकट मिळणाऱ्या आज्ञावलीत हे काम करणारी याडिफ नावाची एक गाळणी आहे. त्या नावातल्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ ‘ओळी सोडविणारी आणखी एक गाळणी’ असा काहीसा आहे. करणाऱ्याचा विनय पाहून मला बरे वाटले.

पण दुकानातून आणलेली प्रत या गाळणीलाही दाद देईना. आटोपशीर करण्याच्या नादात तिची उंची कमी केली होती, आणि तसे करताना शेजारशेजारच्या ओळी एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. डाळ-तांदूळ एकत्र झाले तर निवडता येतात. दळून पीठ झाल्यावर काय निवडणार? ओळी सोडवायच्या असतात त्या आकार बदलण्याच्या आधी, हे मला त्या दिवशी कळले. सुदैवाने मूळ डीव्हीडी अक्काच्या कपाटात, पैठणीच्या घडीखाली सापडली. दोन ओरखडे होते, पण संगणकाने ती वाचली.

आता माझी चूक सांगतो. गाळणीला एक आकडा द्यावा लागतो. वरच्या ओळींचे अर्धचित्र आधीचे असेल तर शून्य, खालच्यांचे आधीचे असेल तर एक. आणि उणे एक दिले तर चकतीवरची खूण पाहून तिचे ती ठरवते. डीव्ही कॅमेऱ्याच्या फितींत खालच्या ओळी आधी असतात, असे मी कुठेसे वाचले होते. डीव्हीडीवर बहुधा वरच्या आधी असतात, हे वाचण्याइतका धीर मला नव्हता. मी ‘एक’ लिहून मोकळा झालो. दाते गेले, कडा नितळ झाल्या आणि मी आनंदाने भाचीला हाक मारली!

ती झोपल्यावर मी ते दृश्य एकेक चित्र पुढे सरकवून पाहिले. हात पुढे जाई, मग किंचित मागे येई, मग पुन्हा पुढे. दुसरा क्षण आधी आणि पहिला नंतर. चौथा आधी आणि तिसरा नंतर. मग नीट पाहिले तर वाढपीही कापत होते, धावणारी पोरेही कापत होती. एकट्या अण्णांना नव्हे, हलणाऱ्या साऱ्या मांडवालाच मी कंप आणला होता! खांब तेवढे निश्चल होते. भाचीचे लक्ष फक्त आजोबांवर, म्हणून तिला ते एकटेच आजारी दिसले. ती तशीच परत गेली असती, तर पुढे तिच्या मुलांनाही ‘आमच्या आजोबांना कंपवात होता’ असेच ऐकावयास मिळाले असते. आणि पुरावा म्हणून फिल्म होतीच.

मी एकाच्या जागी शून्य लिहिले. सकाळपर्यंत संगणक घुरघुरत होता.

चहाच्या वेळी आम्ही पुन्हा फिल्म लावली. अण्णा ताट घेऊन पंगतीतून निघाले, ते ठाम पावलांनी. अक्काच्या पाटामागून जाताना त्यांनी ताट डाव्या हातावर तोलले आणि उजव्या हाताने तिची वाकडी झालेली मुंडावळी एका झटक्यात सरळ केली. अक्काने वळून पाहिले, तोवर ते पुढे गेलेही होते. सगळे मिळून चारच सेकंद. पण मांडलेल्या त्या २०० चित्रांत हात कुठेही चुकला नाही. इतकी वर्षे ही गोष्ट त्या दात्यांत लपून राहिली होती.

"कसला स्थिर हात आहे!" भाची म्हणाली.

यातल्या निम्म्या ओळी गाळणीने अंदाजाने भरल्या आहेत, हे मी तिला सांगितले. आजोबांविषयी पुन्हा तिला काही अर्धवट सांगण्याची माझी छाती नव्हती. म्हणूनच मूळ चकतीची जशीच्या तशी नक्कलही मी दोन ठिकाणी जपून ठेवली आहे. तिच्यात दाते आहेत ते तसेच आहेत. उद्या याहून चांगली गाळणी निघेल, तेव्हा तिला द्यायला अण्णांचे दोन्ही क्षण शाबूत असले पाहिजेत.