बिजापूरची मेहराब आणि माझी वही

सोलापूरच्या शाळांना बिजापूरची सहल नवीन नाही. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. फजरनंतर निघाले की भीमा ओलांडून सकाळीच गोल घुमटासमोर उभे राहता येते. नदीपलीकडे कर्नाटक सुरू होतो, पाट्यांवरची लिपी बदलते. 2014 पासून गावाचे सरकारी नावही विजयपुरा झाले आहे. पण ज्वारीची शेते, कडक भाकरी आणि शेंगाचटणी तीच राहते. बाजारात दख्खनी बोली कानावर पडली की परगावी आल्यासारखे वाटतच नाही.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. गेल्या वर्षीच्या सहलीत आठवीच्या 46 मुली आणि आम्ही चार शिक्षक होतो. पर्समध्ये हजेरीचा कागद, उलटीच्या गोळ्या, सेफ्टी पिना आणि सर्वांत खाली एक छोटी चित्रकलेची वही होती. ती वही बरोबर घेतली आहे हे मी कुणालाच सांगितले नव्हते.

गोल घुमटात मुलींनी एकमेकींची नावे हाका मारून परत ऐकली. मुहम्मद आदिलशाहाची ही कबर. वरच्या सज्जात भिंतीला तोंड लावून पुटपुटलेले पलीकडच्या टोकाला ऐकू येते. तिथून आम्ही जामा मशिदीत आलो. पहिल्या अली आदिलशाहाच्या काळात, 1565 च्या तालिकोटच्या लढाईनंतर हिचे काम सुरू झाले. आत कमानींच्या रांगा आणि गार सावली आहे. फरशीवर जानमाजच्या आकाराचे सव्वादोन हजारांच्या आसपास चौकोन आखलेले आहेत. 1686 मध्ये बिजापूर औरंगजेबाकडे गेले, त्यानंतरचे हे काम असे म्हणतात. मुली चौकोन मोजू लागल्या आणि मी मेहराबीकडे वळले.

या मेहराबीवर बरेचदा पडदा असतो. त्या दिवशी विनंती केल्यावर तो बाजूला झाला आणि सोन्याच्या रंगाची अख्खी भिंत समोर आली. कोनाड्यांत रचून ठेवलेली पुस्तके, फुलदाण्या, लोंबत्या साखळ्या, मिनार, सगळे रंगवलेले. माणूस नाही, पक्षी नाही, तरी भिंत भरलेली वाटते. काम 1636 चे, मुहम्मद आदिलशाहाच्या हुकमावरून केलेले. कारागिराचे नाव तिथेच लिहिले आहे : याकूत दाबुली. दाबुली म्हणजे आपल्या कोकणातल्या दाभोळचा. ते तेव्हा आदिलशाहीचे बंदर होते. त्याने स्वतःला सेवक म्हटले आहे, सुलतानाचा गुलाम म्हटले आहे, पण नाव घातले आहे.

मी वही काढली. दहाच मिनिटे, असे स्वतःला सांगितले. डावीकडची कमान, तिच्याखालचा पुस्तकांचा कोनाडा. पेन्सिल चालू झाली की मला आवाज ऐकू येत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत आहे. किती वेळ गेला कळले नाही. रांग लावून मोजले तर मुली 45.

त्यानंतरची पाच-सात मिनिटे लिहून सांगता येणार नाहीत. हौद पाहिला, सगळ्या कमानी पाहिल्या. मुलगी सापडली ती दरवाजाबाहेर, रहदारीच्या रस्त्यापलीकडे, पेरूवालीच्या टोपलीपाशी. सुट्टे पैसे परत मिळण्याची वाट बघत शांतपणे उभी होती. तिला जवळ घेतले तेव्हा माझेच हात थरथरत होते. आमच्या सोबतचे वयाने मोठे सर इतकेच म्हणाले, "आपा, चित्रं घरी काढा. इथं 46 घरांची अमानत आपल्याजवळ आहे."

त्यांचे काही चुकले नव्हते. परतीच्या बसमध्ये मुली गाणी म्हणत होत्या आणि मी दर थांब्यावर मोजत होते. घरी आल्यावर वही कपाटात कपड्यांच्या तळाशी गेली.

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा मी शाळेत असताना दिल्या होत्या. पुढे चित्रकलेकडे जायची इच्छा होती. घरच्यांना शिक्षिकेची नोकरी भरवशाची वाटली आणि मी बी.एड. केले. त्याची तक्रार नाही, मला शिकवायला आवडते. हात मात्र थांबला नाही. मोहल्ल्यात कळले की हिचा हात चांगला आहे. मग निकाहच्या रुक्क्यावरची वेलबुट्टी, चाँदरातीची मेहंदी, इज्तिमाचा फलक, बैतबाजीचे बॅनर, शाळेतले तक्ते. "आपा, दो मिनट का काम है," असे म्हणत कुणीतरी येते आणि संध्याकाळ जाते. ही कामे मी आनंदानेच करते, समाजात राहायचे तर एकमेकांच्या उपयोगी पडलेच पाहिजे. पण मनात यायचे, इतके काढते तरी माझे असे चित्र कोणते?

याच्या जोडीला दुसराही प्रश्न कुणी ना कुणी विचारायचेच : "आपा, हे जायज आहे का?" सजीवांच्या चित्रांबद्दल उलमांमध्ये जे मतभेद आहेत, त्यांत बोलण्याइतकी मी आलिम नाही. मला आधार वाटतो तो हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या सल्ल्याचा. चित्रांवर पोट असलेल्या एका माणसाला त्यांनी झाडे आणि निर्जीव वस्तू काढायला सांगितले होते. मी इमारती, झाडे, दारे-खिडक्या काढते. माझ्या मनात त्याबद्दल शंका नाही. तरीही वही लपवूनच काढत होते. कुणी आले की उशीखाली. ही लाज कशाची, याचा मी कधी विचार केला नव्हता.

जानेवारीत अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बिजापूरला जायची इच्छा बोलून दाखवली. लग्नानंतर एकदा अब्बांबरोबर त्या गेल्या होत्या, तेवढेच. रविवारी आम्ही दोघीच एस.टी.ने निघालो. निघताना त्यांनी विचारले, "वही घेतली का?" त्यांना वहीचे ठाऊक होते तर! मी कपड्यांखालून ती काढली.

या वेळी आधी इब्राहीम रौजा पाहिला. गावाच्या पश्चिमेला तटाबाहेर, एकाच चौथऱ्यावर एकीकडे मकबरा, समोर मशीद आणि मध्ये हौद. 1627 मध्ये वारलेला दुसरा इब्राहीम आदिलशाह इथे दफन आहे, त्याची बेगम ताज सुलतानाही. हा बादशाह कलावंत होता. दख्खनी भाषेतले 'किताब-ए-नौरस' त्याचे. मकबऱ्याच्या बांधकामाशी मलिक संदल याचे नाव शिलालेखात जोडलेले आहे. भिंतीभर दगडात कोरलेली अक्षरे, आणि खिडक्या तर अक्षरांच्याच. अरबी अक्षरे एकमेकांत गुंफून दगडाची जाळी केली आहे आणि अक्षरांमधल्या मोकळ्या जागेतून आत उजेड येतो.

मी एक खिडकी काढायला घेतली. अम्मी सावलीत खांबाला टेकून तसबीह घेऊन बसल्या. अक्षरे काढत गेले तर तासाभरात सगळे बिघडले. एक अलिफ जाड झाला, पुढचे अक्षर त्याच्यावर चढले. दुसऱ्या पानावर मी अक्षरांचा नाद सोडला आणि फक्त मोकळ्या जागा काढल्या. एक लांबट फट, तिच्या शेजारी बदामासारखे भोक, खाली त्रिकोण. भोके जागच्या जागी बसली तशी अक्षरे आपोआप उभी राहिली. मुलांना सुलेखन शिकवताना मी 'दोन शब्दांत जागा सोडा' म्हणून वीस वर्षे ओरडते आहे, त्याचा अर्थ त्या दिवशी माझ्याच हाताला कळला.

"इत्ता क्या देखती गे उस खिडकी में?" अम्मींनी विचारले. मी दाखवले. वही हातात घेऊन त्यांनी जाळीशी ताडून पाहिली. मग सहलीत काय झाले ते मी त्यांना सांगून टाकले. घरी कुणालाच सांगितले नव्हते.

अम्मींनी तीस वर्षे विड्या वळल्या. त्या म्हणाल्या, "मी पण सगळं एकदम करायची. चूल पेटलेली, पोरगं मांडीवर, सूप पुढ्यात. पण पान कापायला कात्री हातात घेतली की पोराला आधी जाऊबाईकडे द्यायची. सांगून द्यायची, 'घे गं, मी आता कात्री धरते.' तू कुणाला सांगितलंस?"

मी गप्प राहिले.

"चोरून करतेस म्हणून लक्ष दोन्हीकडचं जातं," त्या म्हणाल्या. "हे चोरीचं काम आहे का?"

मला याकूत आठवला. हुकमाचा ताबेदार माणूस, स्वतःचा वेळसुद्धा ज्याच्या मालकीचा नाही. त्याने सेवा केली आणि भर मेहराबीत नावही घातले. त्यात लपवाछपवी नव्हती. मी सरांचे बोलणे 'चित्र सोडा' असे ऐकले होते. ते तसे म्हणालेच नव्हते. सरांना फक्त "पंधरा मिनिटं मुलींकडे बघाल का?" असे विचारले असते, तर ते उभे राहिले असते. विचारायची लाज वाटली, आणि त्या लाजेपायी एक मुलगी रस्ता ओलांडून गेली.

आता घरात सगळ्यांना माहीत आहे : मंगळवारी आणि शनिवारी असरपासून मगरिबपर्यंत मी गच्चीवर काढत बसते. तेवढा वेळ दार अम्मी बघतात. सुरुवातीला शेजारच्या बाई दुखावल्या. त्यांच्या भाचीच्या रुक्क्याचे काम मी दोन दिवस पुढे ढकलले होते. मोहल्ल्यात "नोकरी करते म्हणून मिजास" असेही कुणीतरी म्हणाले, ते कानावर आले आणि लागले. मग मीच त्यांच्या घरी गेले, रुक्का पोहोचवला, चहा घेतला. सगळ्यांना पटले आहे असे नाही. पाहुणे आले किंवा पेपर तपासायला असले की मंगळवार बुडतो. बुडाला की मी तो रात्री जागून भरून काढत नाही. सकाळी सहावीच्या वर्गात ताजे डोके लागते.

सध्या मी आमच्या गल्लीतली जुनी दारे काढते आहे. कोरीव चौकटी उतरवून लोखंडी शटर बसत चालले आहेत. मी गल्लीत उघड्यावर बसते तेव्हा मुले भोवती जमतात, म्हातारी माणसे त्या दारातून कोण कोण आले-गेले ते सांगतात. ती नावे मी चित्रामागे लिहून ठेवते. लपवून काढत होते तेव्हा हे काही मिळत नव्हते.

यंदा सहलीच्या वेळापत्रकात आम्ही जामा मशिदीत वीस मिनिटे चित्रांसाठी ठेवली आहेत, सगळ्या मुलींसाठी. त्या वेळात दरवाजावर सर थांबणार आहेत. ते स्वतःच म्हणाले. मी मात्र वही नेणार नाही, मुलींना कागद वाटायचे आहेत, मोजायचे आहे. मेहराबीचे पान तसेच अर्धे आहे. डावीकडची कमान झाली, पुस्तकांचा कोनाडा झाला, उजवी बाजू कोरी. अम्मी म्हणतात, थंडी पडली की आपण दोघी जाऊ. इन्शाअल्लाह.