गच्चीवरून दिसणारा डोंगर

आमच्या मोहल्ल्यात प्रवासाला कारण लागतं. शादी, मयत, चाळिसावा, उरूस, कोर्टाची तारीख, दवाखाना किंवा बाळंतपणासाठी मुलीला माहेरी आणणं, यांतलं काहीतरी एक हवं. पिशवी घेऊन घराबाहेर पडलेल्या माणसाला गल्लीच्या तोंडाशी तिघंचौघं विचारणार, "कहां चले?" आणि त्याला या यादीतलं एक उत्तर देता आलं पाहिजे. नुसतं फिरायला चाललो, हवा खायला चाललो असं सांगणारा माणूस एक तर फार श्रीमंत असतो, नाहीतर रिकामटेकडा. मी शिक्षक. 'माझी सहल' हा निबंध मी दरवर्षी मुलांना लिहायला देत असे. आमच्या घराण्यात मात्र माझ्या माहितीत कोणी सहलीला गेलेलं नव्हतं.

पैशाची ओढाताण हे एक कारण होतंच. पण ईदीला कपडे येत, लग्नात जेवणावळी होत, त्यासाठी कर्जही निघत असे. तेव्हा फक्त पैशाचा प्रश्न नव्हता. आपण कष्टाची माणसं, आपल्याला मौज शोभत नाही, असं काहीतरी मनात पक्कं बसलेलं होतं. बायकांच्या बाबतीत तर ते अधिकच पक्कं होतं.

माझी अम्मी १९५८ मध्ये शादी होऊन दर्यापूरहून अचलपूरला आली. मूर्तिजापूर ते अचलपूर धावणाऱ्या शकुंतला या छोट्या रेल्वेनं ती माहेरी जायची. दर्यापूरच्या स्टेशनाचं नाव बनोसा. तिच्या आयुष्याचा नकाशा काढायचा तर त्यात अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूर, अमरावतीचा दवाखाना आणि नवस फेडायला एकदा पाहिलेला नागपूरचा ताजबाग, एवढीच नावं येतील. या नकाशाच्या वरच्या अंगाला सातपुडा होता. आमच्या गच्चीवरून गाविलगडची रांग सरळ दिसते. गच्चीवर पापड, कुरड्या, मिरच्या वाळत घालताना अम्मी त्या डोंगराकडे बघून पावसाचा अंदाज बांधायची. डोंगर निळा दिसला तर कपडे राहू दे, काळा झाला तर उचल. बिच्छन नदीला अचानक पाणी चढलं की "ऊपर बरसा" एवढंच म्हणायची. या डोंगरावर चिखलदरा आहे, विदर्भातलं एकुलतं थंड हवेचं ठिकाण. आमच्या घरापासून ते चाळीस किलोमीटरच्या आत आहे. पन्नास वर्षं ती त्या डोंगराखाली राहिली आणि एकदाही वर गेली नाही.

आमच्या घरातला वर गेलेला माणूस म्हणजे दादा, माझे आजोबा. ते तिथल्या बंगल्यांवरचे कवेलू फेरायला जात. चिखलदऱ्याची हवा इंग्रजांना १८२३ मध्ये सापडली, असं म्हणतात. हैदराबाद कंटिंजंटचा कॅप्टन रॉबिन्सन त्या साली तिथे पोचला. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून थोडी जास्त उंची. खाली वऱ्हाड मे महिन्यात भाजून निघत असताना वर पांघरूण लागे. मग साहेबांचे बंगले झाले, कॉफीची झाडं लागली. खालची माणसं वर गेली ती ओझी वाहायला, कवेलू फेरायला, स्वयंपाकाला. साहेब गेले, त्यांच्या जागी अधिकारी, व्यापारी आणि पुढे मोटारसायकलींवरची कॉलेजची पोरं आली. आमच्या घरात मात्र डोंगराशी नातं जोडलेलं राहिलं ते कामाचंच. म्हणूनच २००८ च्या ऑगस्टमध्ये "अम्मी, रविवारी चिखलदऱ्याला जाऊ" असं मी म्हणालो तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "काम क्या है वहां?"

बेत माझ्या मित्राचा. तो माझ्याच शाळेत गणित शिकवायचा. आमच्या बायका एकमेकींना ओळखत, मुलं एकाच रिक्षातून शाळेत जात. एक सुमो भाड्यानं घ्यायची, त्याचं कुटुंब, माझं कुटुंब, आणि दोघांच्याही आया सोबत न्यायच्या, हे त्यानंच ठरवलं. "म्हाताऱ्यांना घरी ठेवून आपण काय भुट्टे खायचे?" असं तो म्हणाला.

म्हातारी माणसं नेणं सोपं नव्हतं. अम्मीचे गुडघे दुखत. शिवाय दोन्हीकडचे नातेवाईक. आमच्याकडे एका मावशीनं विचारलं, त्यांच्यासोबत दिवसभर, मग खायचं काय? त्यांच्याकडेही हाच प्रश्न कोणीतरी दुसऱ्या बाजूनं विचारला असणार. गावात कधी कुठे दगड पडला, की संध्याकाळनंतर आम्ही दोघे मित्र फोनवर बोलायचो, घरी जायचो नाही. अशी ती वर्षं होती. मित्राची आई आमच्याकडे चहा घ्यायची; पण जेवायची वेळ झाली की तिचा काहीतरी उपास निघायचा. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, प्रदोष. अम्मीला ते कळत होतं. तिनं कधी ताट वाढून आग्रह केला नाही.

रमजानला तीनेक आठवडे होते आणि श्रावण लागलेला होता. शनिवारी रात्री अम्मीनं परस्पर निर्णय देऊन टाकला, "एक दिन गोश्त नहीं खाया तो मर नहीं जाते." पहाटे उठून तिनं स्वतः मेथीचे पराठे लाटले, नव्या डब्यात भरले. वहिनींनी आलूबोंडे, ठेचा आणि दहीभात आणला.

परतवाड्याहून धामणगाव गढी मागे टाकलं की घाट लागतो. पहिल्या दोन वळणांपर्यंत पोरं गाणी म्हणत होती, मग सगळ्यांच्या कानांना दडे बसले. सागाची मोठाली पानं पावसानं धुतलेली, दगडांवरून जागोजागी पाणी उतरत होतं. अम्मीच्या एका हातात तसबीह होती आणि दुसऱ्या हातानं तिनं पुढची सीट घट्ट धरली होती. एका वळणावर तिनं ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. मला वाटलं तिला मळमळतंय. तिला खाली आपलं घर दिसतं का ते बघायचं होतं. खाली पांढऱ्या धुक्याशिवाय काहीच नव्हतं. "इतकी वर्षं तिथून हे दिसतं, मग इथून ते का दिसत नाही?" असं ती माझ्या मुलीला विचारत राहिली.

वर पोचलो तेव्हा दहा फुटांपलीकडचा माणूस दिसत नव्हता. आमच्या मुलांनी सिनेमांतून काश्मीर पाहिलेलं, बर्फावरून घसरणारे नायक-नायिका पाहिलेल्या. माझ्या धाकट्यानं हातातलं धुकं मुठीत पकडायचा प्रयत्न केला आणि "इथे बर्फ कधी पडतो?" असं विचारलं. वऱ्हाडातल्या माणसाला याहून थंड काही लागत नाही, असं मित्रानं त्याला समजावलं. भीमकुंडाकडे जाताना त्यानं मुलांना कीचकाची गोष्ट सांगितली. भीमानं कीचकाला मारून दरीत फेकलं, कुंडात हात धुतले आणि कीचकदऱ्याचं पुढे चिखलदरा झालं, अशी इकडची आख्यायिका. कीचकानं काय केलं होतं, हे अम्मीनं विचारून घेतलं. द्रौपदीचं नाव ऐकल्यावर म्हणाली, "मग बरोबरच केलं."

गाविलगडला ती येणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. ती काठी घेऊन उतरली. मुलांनी दोन्ही बाजूंनी धरलं आणि दरवाज्यापर्यंत आणलं. दिल्ली दरवाज्यावर दगडात कोरलेला दोन तोंडांचा पक्षी आहे, गंडभेरुंड, हत्ती धरलेला. आणि सिंह आहेत. मित्राच्या मुलानं विचारलं, "काका, हा किल्ला तुमचा की आमचा?" पोरगं दहा वर्षांचं. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. असा प्रश्न पडणं त्या दिवसांत साहजिक होतं.

मी त्याला माहीत होतं ते सांगितलं. किल्ल्याचं नाव गवळ्यांवरून पडलं असं मानतात. आजही मेळघाटात गवळी म्हशी राखतात आणि चिखलदऱ्याला खवा-रबडी पुरवतात. १४२५ मध्ये अहमदशहा बहमनीनं किल्ला बांधून काढला. १४८८ मध्ये फतहुल्ला इमादुल्मुल्कनं त्याची दुरुस्ती केली. हा फतहुल्ला मूळचा विजयनगरच्या मुलखातला, एका कानडी हिंदू घरातला मुलगा. लढाईत पकडला गेला, मुसलमान म्हणून वाढला आणि पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक झाला. अचलपूर त्याची राजधानी. विजयनगरला गंडभेरुंडाचं चिन्ह होतं, तेच इथे दरवाज्यावर आलं, असं जाणकार सांगतात. पुढे किल्ला नागपूरकर भोसल्यांकडे गेला. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीनं तो जिंकला, तेव्हा भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. पुढे नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच.

मुलानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे कोणाचा?" त्याची आजी मागून म्हणाली, "पावसाचा हाय बाप्पा, चाल आता." खरोखरच पाऊस सुरू झाला होता. आतली मशीद, तिच्या कमानी आणि छत्रीच्या दगडी जाळ्या मी मुलांना पळत पळत दाखवून आणल्या. अम्मी दरवाज्याच्या कमानीखालीच थांबली. जोहरची नमाज तिनं तिथेच बसून अदा केली, आणि तेवढा वेळ मित्राची आई तिच्यावर छत्री धरून उभी होती.

जेवायला बसलो तेव्हा अडीच वाजले होते. थंडी, चालणं आणि पाऊस यांनी सगळेच भुकेले होते. अम्मीनं पराठ्यांचा डबा उघडून मध्ये ठेवला आणि सवयीप्रमाणे मित्राच्या आईकडे बघितलंही नाही. आजीनं स्वतः हात पुढे केला. "भाभी, मेथीचे हायेत ना? द्या मले." एकामागून एक तिनं तीन पराठे खाल्ले. कोणी काही बोललं नाही. वहिनींनी फक्त ठेच्याची वाटी तिच्याकडे सरकवली.

दुपारी पंचबोल पॉइंटवर धुकं काही वेळ सरकलं आणि समोरची हिरवी दरी उघडी पडली. इथे हाक मारली की डोंगर ती पुन्हा पुन्हा परत पाठवतात. मुलांनी एकमेकांची नावं, क्रिकेटपटूंची नावं, सगळी ओरडून झाली. मग ती दोन्ही आज्यांच्या मागे लागली. आजीनं देवाचं नाव घेतलं. अम्मीला काय ओरडावं ते कळेना. अब्बांचं नाव तिनं त्यांच्या हयातीत कधी उच्चारलं नव्हतं, नंतरही नाही. बराच वेळ विचार करून तिनं बुरख्याचा नकाब वर केला आणि स्वतःचं नाव पुकारलं. आम्ही सगळे गप्प झालो. ते नाव मी रेशनकार्डावर वाचलेलं होतं, घरात कोणाच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. ती बहू होती, भाभी होती, अम्मी होती, दादी होती. तिला नावानं हाक मारणारी माणसं दर्यापूरच्या कब्रस्तानात होती. दरीनं ते नाव तीनदा-चारदा परत दिलं. अम्मी कान देऊन शेवटपर्यंत ऐकत राहिली.

रस्त्याच्या कडेला एक कोरकू बाई निखाऱ्यांवर भुट्टे भाजत होती, पाठीला लहान मूल बांधलेलं. हा मेळघाट आहे. बाहेरच्या जगाला तो १९७४ च्या व्याघ्रप्रकल्पामुळे माहीत झाला, आणि १९९० च्या दशकात कुपोषणानं दगावलेल्या मुलांमुळे. ज्या पावसासाठी आम्ही गाडी करून आलो होतो त्याच पावसात ती सकाळपासून उभी होती. अम्मीनं तिच्याशी भाव केला नाही. मूल किती महिन्यांचं, दूध पुरतं का, घर किती लांब, हे सगळं विचारलं. भुट्ट्याला लिंबू-मीठ चोळता चोळता त्या बाईनं विचारलं, "इकडं काय काम काढलं माय?"

अम्मी म्हणाली, "काम नाही बाई. फिरायला आले."

हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. सांगताना तिला संकोच वाटला नाही, कारण समोरच्या बाईनंही ते सहज ऐकून घेतलं आणि हसून एक भुट्टा जास्तीचा दिला. घरी परतताना अम्मी गाडीत म्हणाली, तिलाही कधीतरी कोणीतरी खाली फिरायला आणलं पाहिजे. त्यावर आम्हा दोन्ही मास्तरांकडे उत्तर नव्हतं. सहल सगळ्यांच्या वाट्याला यायला हवी, हे अम्मी एका दिवसात शिकली होती.

पुढच्या श्रावणात मोहल्ल्यातल्या सात बायकांनी वर्गणी काढून सुमो केली. पुढारी अम्मी. एकीचा नवरा "कशाला?" म्हणून अडून बसला, तेव्हा अम्मीनं त्याला दारात जाऊन सांगितलं, "काम है." काय काम ते त्याला सांगितलं नाही. आमच्या दोन कुटुंबांची सहल तर ठरूनच गेली. मित्राची बदली झाली तरी पावसाळ्यातला एक रविवार राखलेला असे. वर गर्दी वाढली, हॉटेलं वाढली. मुलं मोठी झाली, आता माझी मुलगी स्वतः गाडी चालवत घाट चढते.

मित्राच्या आईचे उपास त्या दिवसानंतर संपले असं नाही. कमी झाले. अम्मी २०१४ मध्ये गेली. आमच्याकडे तीन दिवस चूल पेटत नाही, जेवण शेजारपाजारचे आणतात. पहिल्या दिवशीचं जेवण मित्राच्या घरून आलं. आजी सोबत आली, दस्तरखानावर माझ्या बहिणींच्या मध्ये बसली आणि त्या जेवत नव्हत्या म्हणून आधी स्वतः घास घेतला. वार सोमवार होता.