रामलाल कोण करणार?

आम्ही वसतिगृहातली पोरं. मेसची डाळ पातळ, खिसे त्याहून पातळ. रात्री लाईट गेली की आमचा खेळ सुरू व्हायचा. पत्ते नव्हेत. पत्त्यांना उजेड लागतो. गाजलेला सिनेमा घ्यायचा, त्यातल्या नटाला हाकलायचं अन् भलत्यालाच तिथं उभं करायचं. जो जास्त हसवील त्याला सकाळचा चहा फुकट.

एकानं 'देवदास'मधनं दिलीपकुमारला काढलं आणि दादा कोंडक्यांना घातलं. लोंबती नाडी सावरत दादा पारोच्या दारात उभे. पारो हसून हसून भिंतीला टेकली. ताटातूट राहिली, दारू राहिली, सिनेमा मध्यंतराच्या आत खलास. दुसऱ्यानं गब्बरच्या जागी निरूपा रॉय बसवली. डाकू हात हलवत परत आले, तर ही आधी विचारते, जेवलात का? अन् पदर डोळ्याला. तिसऱ्यानं 'श्यामची आई'मध्ये श्यामच्या वडलांच्या जागी निळू फुल्यांना आणलं. निळूभाऊ नुसतं 'पाणी दे' म्हणाले तरी सगळं थेटर आईच्या काळजीत.

मग कोपऱ्यातला एक उठून बसला. म्हणाला, "आता माझं ऐका. टागोरांच्या नात्यातली, विलायतेत शिकलेली बाई घ्या. भुवया कोरलेल्या. डायरेक्टर जर्मन आणा. अन् बाईला करा अस्पृश्याची पोर."

आम्ही लोळलो. तो मात्र हसला नाही. म्हणाला, "मायला, हे मी रचलेलं न्हाई. हे झालंय. १९३६ साली. 'अछूत कन्या'. देविका राणी. डायरेक्टर फ्रांझ ऑस्टेन."

चहा त्यानं जिंकला. आमचं हसू मात्र अर्ध्यातच राहिलं.

दोस्तहो, त्या अंधारात एक गोष्ट डोक्यात बसली ती आजवर निघाली नाही. चुकीच्या नटाला हसायचं तर खरा माणूस माहीत असावा लागतो. देवदास कसा, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून दादा दिसले की हसू. पण रेल्वेच्या फाटकावरच्या गडीमाणसाची पोर, ती कस्तुरी, कशी असते हे तिकीट काढणाऱ्यांना कुठं ठाऊक होतं? त्यांनी तिला कधी दारात उभी केली होती? सिनेमा जोरात चालला.

हसली ती माझी आय. पुढं कधीतरी टीव्हीवर तो सिनेमा लागला. वस्तीत एकच टीव्ही, त्याच्यापुढं सगळी वस्ती.

"ही रं कोन?"

"अस्पृश्याची पोर, आये."

"म्हंजी आपल्यातली?"

"आपल्यातलीच म्हणायची."

आय टीव्हीजवळ सरकली. निरखून बघितलं. "मग हिला भुवया कोराया येळ कवा घावला?" सगळ्या बाया खदाखदा हसल्या. शेवटी कस्तुरी गाडी थांबवायला रुळावर धावली अन् मेली. तशी आय गप झाली. पदर आवरत उठली. म्हणाली, "मराया मातर आपल्यातलीच लागती."

शाळा न शिकलेल्या बाईनं एका वाक्यात सिनेमाचा निकाल लावला. मी नंतर 'सुजाता' बघितला, १९५९चा, बिमल रॉयचा. नूतननं त्या कामाचं सोनं केलंय, नाही कशाला म्हणू? पण तिथंही पोरीला शेवटी रक्त द्यावं लागतं, तेव्हा कुठं सांभाळणारी आई तिला पोटाशी धरते. एकीनं जीव दिला, दुसरीनं रक्त. खोट नटीत नव्हती. खोट कामातच होती. ते काम कुणी लिहिलं, कुणासाठी लिहिलं, ते बघा.

अन् काम वाटणारे फक्त मुंबईत नसतात. माझ्या गावातही होते. 'शोले' १९७५चा, पण आमच्या जत्रेतल्या तंबूत यायला त्याला वर्षं लागली. आल्यावर मात्र महिनाभर शाळेच्या मागं रोज 'शोले'. वाड्यावरचं पोर ठाकूर. हात सदऱ्याच्या आत, वरनं बापाची शाल. रामलाल कोण? कुणालाच गडी व्हायचं नव्हतं. सगळ्यांची बोटं माझ्याकडं. गडी म्हणजे आमच्याच आळीतला, त्यात काय विचारायचं? मीही खूश. पडद्यावर ठाकूरचे हात म्हणजे रामलाल. शाल तोच सावरायचा.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी ऊन कडक. ठाकूरला खरीच तहान लागली. हात तर तुटलेले. तो ऐटीत ओरडला, "रामलाल, पानी!" मी कामात इतका शिरलेलो की पळत गेलो, शाळेच्या माठात तांब्या बुडवला अन् त्याच्या तोंडाशी धरला.

खेळ थांबला. सगळी पोरं माठाकडं बघतेली. ठाकूरचे तुटलेले हात सदऱ्यातनं भसकन बाहेर आले अन् तांब्या उडाला. माठ त्याच दिवशी फुटला. आबाला वाड्यावर बोलावणं गेलं. नवा माठ आमच्या पैशानं आला. त्यातलं पाणी मात्र आम्हाला लांबनंच.

दुसऱ्या दिवशी पोरांनी तोड काढली. "तू गब्बर हो." एका रात्रीत मी गड्याचा डाकू झालो. गब्बरला ठाकूरचे हात तोडायची मुभा होती. रामलालला पाणी पाजायची नव्हती.

आता कुणी म्हणेल, मग तुमची कामं तुमच्याच माणसांना द्या, मिटलं. मी तसं म्हणत नाही. १९८२ला 'गांधी' आला. त्यात बाबासाहेबांचा नट चुकला असं म्हणायची सोय नव्हती, कारण बाबासाहेबच नव्हते. त्यानंतर एका रात्री आमच्या खेळात कुणीतरी विचारलं, बाबासाहेब कोण करील? कुणाला नाव सुचलं नाही. 'केरळचा मामुट्टी' असं कुणी म्हणालं असतं, तर त्याचा चहा तिथंच पक्का होता. अन् जब्बार पटेलांच्या सिनेमात केलं ते मामुट्टीनंच. राष्ट्रीय पारितोषिकही मिळालं. सिनेमा इंग्रजी, आमच्या म्हाताऱ्यांना एक शब्द कळला नाही, तरी हात जोडून बसल्या होत्या. जन्म कुठला, हे कुणी विचारलं नाही. माणूस बघून, अभ्यासून, मान राखून उभा केला की लोक ओळखतात.

तसंच २०१३च्या 'फँड्री'चं. नागराज मंजुळेंनी गावातलाच सोमनाथ अवघडे उचलला अन् जब्या केला. घरची माणसं डुकरामागं पळतात तेव्हा पडद्यावर गाव हसतं. माझ्या शेजारच्या खुर्चीतलाही हसत होता. मग जब्यानं दगड भिरकावला तो थेट आमच्यावरच. शेजाऱ्यानं मान खाली घातली. खरा माणूस उभा राहिला की हसणाराच चुकीच्या जागी बसलेला दिसतो.

२०२५ला 'शोले'ला पन्नास वर्षं झाली, तेव्हा वसतिगृहातल्या दोस्ताचा फोन आला. म्हातारा झालाय, खोड गेली नाही.

"बोल, तुला कोन करू? गब्बर?"

"नको. गब्बर करून झालाय. रामलाल दे."

"अन् ठाकूर?"

"कुनीबी चालंल. फकस्त त्याला तहान लागली पायजे. अन् हाक मारताना रामलाल म्हनायचं न्हाई. माझं नाव घ्यायचं."